बारावं दार

१

सांगा बरं, मोजायची टेप एक आकडा सांगते आणि घरची बाई दुसरा, तर तुम्ही कुणावर विश्वास ठेवाल? घाईनं उत्तर देऊ नका. ताश्कंदकडच्या आमच्या कोकंद शहराच्या बाजारात पंचवीस वर्षं मी बिजागऱ्या आणि मुठी विकतोय. कपाटं करणारे झाडून सगळे माझी गिऱ्हाइकं. हा प्रश्न विचारला की सगळे छातीवर हात ठेवून म्हणतात, टेपवर. मग त्यांच्या वह्या उघडून बघाव्यात.

घरोघरची कपाटं करून देणाऱ्या महकमचं तसं नव्हतं. त्याच्या वहीला एक नियम होता. जो आकडा आपल्या हातानं मोजलेला नाही, त्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल काढायचा, आणि गोलातल्या आकड्यावर एकही फळी कापायची नाही. नजर तर त्याची अशी, की दारातून आत आलेल्या माणसाची उंची तो सलाम घेता घेता सांगायचा. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेनं ओटा पंच्याऐंशी सेंटिमीटरचा मागितला. हा फाटकातूनच म्हणाला, "बाई, तुम्हाला एक्याण्णव लागेल." बाई रागावल्या, पण याचं ऐकलं. तीन महिन्यांनी सामोशांचं ताट घेऊन स्वतः दुकानात आल्या. पाठ दुखायची थांबली होती.

त्याची मुलगी लोबर एकशे त्रेसष्ट. आईपेक्षा चार जास्त. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या कपाटाचा वरचा कप्पा किती उंचीवर हवा, हे त्याला वही न उघडता माहीत होतं.

आमच्याकडे नवरीची खोली सासरची असते, पण तिच्यातलं लाकूड सगळं बापाचं. पलंग, कपाट, आरसा, पडदे, सगळं तिकडून येतं. म्हणजे बापानं व्याह्यांच्या घरी जाऊन भिंती मोजायच्या, आणि पाहुण्यानं तर परक्या घरात नजर खाली ठेवायची असते. माप घ्यायला नजर वर करावी लागते. इथंच सगळी पंचाईत.

विहीणबाई शराफत आपा एकट्याच घरी होत्या. मुलगा ताश्कंदला नोकरीला, नवरा मागेच वारलेला. त्यांनी मानाप्रमाणे पियाल्यात घोटभरच चहा ओतला, पुन्हा पुन्हा ओतला, नान मोडून पुढं ठेवला. मग महकमनं मापं घेतली. दारं, खिडकी, बटणं. ओसरीच्या खांबावर नक्षीचा एक पट्टा होता, जमिनीपासून एकशे पंचावन्नवर. लांब फळ्या तिथूनच वळवून आत न्यायच्या होत्या, म्हणून तेही लिहिलं.

खोलीच्या मागच्या भिंतीत तख्मोन होता. म्हणजे आमच्याकडं दुलया रचायला भिंतीत सोडलेला तो मोठा कोनाडा, माणूस उभा राहील एवढा. दुलयांची चळत छतापर्यंत गेलेली, वरून पांढरी चादर सोडलेली.

"एवढ्या दुलया जरा..." महकम म्हणाला, आणि थांबला.

"सत्तावीस आहेत. मोजू नका हो, नजर लागेल," आपा हसल्या. "तो कोनाडा साठ सेंटिमीटर खोल आहे. सगळ्यांच्या घरी असतो तसा. लिहा ना व्याही, साठ."

त्या वहीत डोकावून उभ्या होत्या. लाल पेन्सिल खिशात होती. त्यांच्या डोळ्यांदेखत गोल काढायचा म्हणजे, बाई, तुम्ही खोटं बोलता, असं तोंडावर म्हटल्यासारखं. महकमनं साठ लिहिलं. गल्लीत गेल्यावर गोल काढू, असं ठरवलं. आपा हातात दोन नान घेऊन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायला आल्या. गोल राहिला तो राहिलाच.

२

महकमनं घराचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर एका हिवाळ्यात स्वतःच शिकून घेतलं होतं. कुणी शिकवलं नाही. पहिल्याच स्वयंपाकघरात त्यानं चुकून छताला संगमरवर लावला होता, आणि गिऱ्हाइकानं तोच पसंत केला, हे तो अजूनही रंगवून सांगतो. तेव्हा मशीन काही वेडंवाकडं दाखवू लागलं की तो आधी स्वतःवर हसायचा.

त्यानं खोली काढली. मोठ्या कपाटाची सहा दारं, खणांच्या पेटीची तीन, आरशाच्या मेजाची दोन. अकरा. मटेरियलची यादी छापून त्यानं एर्गाश उस्ताच्या हातात दिली. एर्गाश त्याचा सुतार, म्हणजे आमच्याकडचा उस्ता, वीस वर्षं सोबत, जीभ रंध्यासारखी. महकमला तो अका, म्हणजे दादा, म्हणायचा.

"अका, बारावं दार कुणाला? विहीणबाईंना भेट?"

"अकरा आहेत."

"कागद बारा म्हणतोय. चार बिजागऱ्या जास्त, एक मूठ जास्त. वय झालं म्हणा की."

महकमनं वरून दिसणारा आराखडा उघडला. अकरा. समोरच्या दृश्यात अकरा. तिन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं, अकरा. यादीत बारा. ओळीवर बोट ठेवलं तर सॉफ्टवेअर मागच्या भिंतीवर जाऊन थांबायचं, कोनाड्यापाशी, आणि तिथं भिंतीशिवाय काही दिसायचं नाही.

मग त्याला कोनाडा किती खोल, तो आकडा दिसला. कोनाडा: १७४.

साठ लिहिलेलं त्याला पक्कं आठवत होतं. पुन्हा साठ टाकलं, फाईल जपून ठेवली, चहा पिऊन आला. १७४. पुन्हा साठ. बंद केलं, उघडलं. १७४. साठ आणि एकशे चौऱ्याहत्तर यांत एकही आकडा सारखा नाही. बोट चुकून असं होत नाही. तरी त्यानं कळफलक झटकला, भाकरीचा चुरा पडला, आणि तेवढ्यावर त्यानं समाधान मानलं.

यादीतल्या बाराव्या ओळीवर त्यानं पेनानं रेघ मारली.

३

सॉफ्टवेअरवाल्यांचा मदतीचा फोन ताश्कंदला लागायचा. तिथं ल्युबा ह्वान नावाची कोरियन बाई होती. तिनं महकमला चार वर्षांत कधी पाहिलं नव्हतं, पण त्याच्या सगळ्या चुका तिला तोंडपाठ होत्या.

"महकम अका, आज छताला काय लावलंत?"

"आज मी काहीच केलं नाही, ल्युबा."

"सगळे असंच म्हणतात. मशीन बंद करून चालू करा."

"केलं."

"मटेरियलचा साठा रिकामा करा. नवी फाईल घ्या, खोली पहिल्यापासून काढा. जुन्यातलं काहीही उचलून आणायचं नाही."

त्यानं अर्धा दिवस घालवून खोली पहिल्यापासून काढली. कोनाडा साठ. जपून ठेवली, उघडली. एकशे चौऱ्याहत्तर, आणि यादीत बारा दारं. मग ल्युबानं फाईल मागवून घेतली. दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. या वेळी ती चेष्टा करत नव्हती.

"बारावं दार सापडलं. कोनाड्याच्या तोंडाशी आहे. भिंती लपवल्या की दिसतं. पण अका, मूठ तुम्ही आतून लावलीत."

"आतून म्हणजे?"

"कोनाड्याच्या आतून. कुणी आत बसून ओढून घ्यावं, तशी. आणि हे कापड कुठलं? निळं, पांढऱ्या टाक्यांचं. कोपऱ्यात ठिगळ आहे. आमच्या साठ्यात असलं काही नाही. फोटो काढून घातलात का?"

"नाही गं. कशाला लावलंय ते?"

"कशालाच नाही. आत, जमिनीवर अंथरलंय. पावणेदोन मीटर." मग ती म्हणाली, "आणि तुम्ही एक दृश्य जपून ठेवलंय. 'दृश्य एक.' ते मी उडवत नाही. तुमचं तुम्ही बघा."

खोलीत माणूस उभा राहिला तर त्याला काय दिसेल, ते हे सॉफ्टवेअर दाखवतं. डोळ्याची उंची ते स्वतःहून एकशे पासष्ट धरतं. महकमनं दृश्य एक उघडलं. दोन्ही कडांना काळोख, किलकिल्या दारातून बघावं तसा, आणि मधल्या फटीत खोली. आरसा, पडदा, आणि अगदी मधोमध पलंग. खाली आकडा: डोळ्याची उंची ३१.

एकतीस म्हणजे जमिनीवर आडवं पडून, कोपर टेकून डोकं उचललं तर येते ती उंची. हा हिशेब त्यानं मुद्दाम केला नाही. तो आपोआप झाला, सवयीनं.

त्यानं दृश्य उडवलं. दुपारी उघडलं तर दृश्य एक पुन्हा होतं, आणि उंची ५८. उडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ९६. तिन्ही आकडे त्यानं वहीत एकाखाली एक लिहिले आणि नियमाप्रमाणे तिन्हींना लाल गोल काढला. वरच्या पानावर साठ होतं, तसंच, उघडं.

मशीनला मी न मोजलेला आकडा चारला, म्हणून ते बिथरलं, असं त्यानं ठरवलं. जाऊन मोजलं की झालं.

४

बटणाची जागा पुन्हा बघायचीय, असं सांगून तो गेला. टळटळीत दुपार होती, वीज गेलेली. शराफत आपा अंगणात जर्दाळू वाळत घालत होत्या.

"व्याही, पोरीपेक्षा तुमचाच पाय जास्त लागलाय या घराला," त्या म्हणाल्या. "बसा, चहा टाकते. नको म्हणालात तर रागावेन."

त्या चुलीकडं गेल्या आणि महकम खोलीत एकटा राहिला. खोलीत माशी घोंगावत होती. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडला होता. त्यानं चादरीची कड बोटभर उचलली.

खालची दुलई निळी होती. पांढरे टाके. कोपऱ्यात ठिगळ.

निळ्या दुलया बाजारात शेकड्यानं मिळतात, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरंच मिळतात. मग गुडघ्यावर बसून त्यानं पोलादी टेपची पट्टी दोन दुलयांच्या मधून आत सरकवली. चाळीस. पन्नास. साठला ती भिंतीला लागून टक्क करायला हवी होती. एकसष्ट. सत्तर. तो सरकवत गेला, कारण थांबायला काही कारण सापडेना. शंभर. दीडशे. एकशे चौऱ्याहत्तरला पट्टी थांबली, पण टक्क झालं नाही. कुणाच्या तरी अंगाला लागावी तशी थांबली.

त्यानं कळ दाबली. कळ दाबली की ही पट्टी सपकन परत येते; नवख्याचं बोट कापते. ती आली नाही. तिकडचं टोक धरलेलं होतं. माशी बसली की उडाली, कोण जाणे, पण तिचा आवाज थांबला. मग पट्टी परत यायला लागली. हळू. सपकन नव्हे, तर एकेक सेंटिमीटर, पतंगाची दोरी कुणी बेतानं सोडावी तशी. शेवटची आकडी हातात आली तेव्हा ती कोमट होती.

दारात आपा चहाचं तबक घेऊन उभ्या होत्या. किती वेळ, ते त्याला कळलं नाही.

"साठच ना?" त्यांनी विचारलं.

"साठ," महकम म्हणाला.

जाताना तो घराला वळसा घालून मागच्या गल्लीत गेला. जुनं घर आहे, मातीच्या भिंती जाड असतात, त्यांत पोकळ्या राहतात, हे सगळं त्याच्या मनात तयार होतं. खिडकीच्या कडेवरून त्यानं बाहेरचं माप घेतलं. खोलीची आतली बाजू सोडून, कोनाडा आणि भिंत मिळून ऐंशी. पुढं गल्ली, गल्लीला लागून पाट, पाटाकाठी पॉपलरची झाडं. त्यानं टेप लावून पाहिली. कोनाड्याच्या तोंडापासून एकशे चौऱ्याहत्तरवर पाटाचं पाणी वाहत होतं.

५

लोबर औषधांच्या दुकानातून सुटून रंग पसंत करायला आली. लाकडाच्या नमुन्यांवर नखानं टकटक करत ती म्हणाली, "हा नको, हा सासूबाईंच्या दातांसारखा आहे. हा आक्रोडाचा द्या."

"लोबर, ती खोली आवडली का तुला?"

"बाबा, मी खोलीशी लग्न करत नाहीये." तेवढ्यात तिचं लक्ष स्क्रीनकडं गेलं. दृश्य एक उघडंच राहिलं होतं. डोळ्याची उंची आता ११८. तिनं आकडा वाचला नाही. ती फटीतून खोली बघत राहिली. "हे कुठून घेतलंय? इथून पलंग किती छान दिसतो!"

महकमनं स्क्रीन वळवली. "समज, लग्न महिनाभर पुढं ढकललं..."

"का?"

"कपाटाचं काम अडलंय."

"पत्रिका गेल्या, फर्गान्याची आत्या निघालीसुद्धा, आणि मी लोकांना काय सांगू, बापाला कपाट जमलं नाही? कोकंदभर तुमची कपाटं आहेत बाबा! एर्गाश उस्ता तर वरातीत सांगत नाचेल."

"माप चुकलंय."

"मग परत घ्या."

"घेतलं."

"किती आलं?"

ती समोर उभी होती. आक्रोडाचा तुकडा हातात, कपाळावर दुकानातल्या पांढऱ्या टोपीचा वळ. इथं सांगता आलं असतं. पण सांगायचं काय? विहीणबाईंच्या दुलया चोरून चाचपल्या आणि टेप कुणीतरी धरली? मुलीचं लग्न मोडायला बाप काहीतरी काढतोय, असं गाव म्हणालं असतं. आणि समजा वीज नव्हती, ऊन होतं, स्प्रिंग जुनी होती. स्प्रिंग जुनी होतीच.

"साठ," तो म्हणाला.

"झालं की मग," असं म्हणून लोबरनं त्याच्या वहीत, त्या साठाशेजारी, एक हसरं तोंड काढलं.

६

लग्नाच्या तीन दिवस आधी सामान गेलं. आमच्याकडं या दिवशी नवरीकडच्या बायका पडदे लावायला, चादरी घालायला जातात, म्हणून लोबरही मैत्रिणींबरोबर आली होती. ओसरीच्या खांबाला टेकून ती हुकूम सोडत होती. नक्षीचा पट्टा तिच्या कानाच्या वर, कपाळाशी येत होता. महकमनं ते पाहिलं, सवयीनं.

गाडीतून एर्गाशनं शेवटची वस्तू उतरवली. दार. बारावं.

"हे कुठून आलं?" महकमनं खालच्या आवाजात विचारलं. "मी रेघ मारली होती."

"रेघ कागदावर मारलीत. कापणारं यंत्र कागद कुठं वाचतं? ते फाईल वाचतं. आणि मुठीची भोकं आतून पाडलीत. आधीच सांगतो, ती यंत्रानं पाडलीत, माझ्या नावावर टाकू नका."

"परत गाडीत टाक."

पण तोवर आत गलका झाला होता. शराफत आपांच्या नात्यातल्या बायका दुलया उतरवत होत्या. नवी सून यायची म्हणजे तख्मोन रिकामा करून द्यायचा. सत्तावीस दुलया अंगणात उन्हात गेल्या. महकम आत धावला. कोनाडा उघडा होता. मागं पांढरा गिलावा, कोरडा, साधा. त्यानं लेझर लावला. साठ. टेप लावली. साठ, आणि भिंतीला लागून टक्क. त्यानं गिलाव्यावर तळवा फिरवला. कुठं भेग नाही, फुगवटा नाही. त्याला हसू फुटलं. एर्गाशही हसला, कशाला ते माहीत नसताना.

"अगं बाई, हे तर कोनाड्याचंच दार आहे!" मागून आपा म्हणाल्या. त्यांनी दोघींच्या मदतीनं ते उचलून कोनाड्याच्या तोंडाशी धरलं होतं. बसलं. रंधा नाही, पाचर नाही. जुन्या मातीच्या वेड्यावाकड्या भिंतीत केसाचीही फट न सोडता बसलं. त्या तोंडाची रुंदी कुणी कधी मोजलीच नव्हती.

"आपा, ते चुकून आलंय. मूठ उलटी आहे. मी घेऊन जातो."

"बसलेलं दार काढतात का, व्याही? लग्नघर आहे." त्यांचा चेहरा पडला. खोलीतल्या पंधरा बायका महकमकडं बघत होत्या. "का, आमचा कोनाडा तुमच्या लाकडाला शोभत नाही?"

"तसं नाही."

"मग ठीक आहे ना?"

"ठीक आहे," महकम म्हणाला.

एर्गाशनं बिजागऱ्या ठोकल्या. माझ्याच दुकानच्या होत्या, चांगल्या, आवाज न करणाऱ्या. लोबरच्या नव्या दुलया आत रचायच्या राहिल्या; ते लग्नानंतर सुनेनंच आपल्या हातानं करायचं, असं आपा म्हणाल्या. दार रिकाम्या कोनाड्यावर लोटलं गेलं.

७

लग्न झालं. चांगलं झालं. एर्गाश नाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पाहुण्यांची भांडी वाजत होती, आणि महकम दुकानात येऊन बसला. कारण काही नव्हतं. त्यानं फाईल उघडली. कोनाडा: ६०. दारं बारा, बिजागऱ्या बरोबर, मुठी बरोबर. निळ्या कापडाची नोंद नव्हती. आराखडा आणि खोली पहिल्यांदाच एकमेकांशी जुळत होती. त्यानं ल्युबाला फोन लावला.

"काय केलंत?" तिनं विचारलं.

"काही नाही. आपोआप नीट झालं."

"आपोआप बिघडतं, अका. आपोआप नीट होत नाही." ती म्हणाली, आणि तिला दुसरा फोन आला.

दृश्य एक अजून होतं. उघडलं तर कडांचा काळोख गेला होता. खोली स्वच्छ, पूर्ण दिसत होती, कोनाड्याचं दार बघणाऱ्याच्या पाठीमागं राहिलं होतं. दृश्य पलंगाच्या उजव्या अंगाला उभं राहून खाली, उशीकडं बघत होतं. डोळ्याची उंची १४१.

महकमनं लोबरला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला गेला, आणि आधी कापडाची सळसळ ऐकू आली. बरीच.

"लोबर?"

"बाबा." आवाज तिचाच होता. जवळून पण दबलेला, तोंडावर काही असावं तसा. "इथून पलंग दिसतो."

"कुठून? लोबर, कुठं आहेस तू?"

फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरीचा बाप व्याह्यांच्या दारी जात नाही. महकम गेला. बाराव्या दाराचे स्क्रू बदलायचेत, हे सांगायचं त्यानं वाटेत ठरवलं. फाटक सताड उघडं होतं. अंगणात साठ-सत्तर बायका बसल्या होत्या. नवी सून सगळ्यांना सलाम करते तो समारंभ चालू होता. पुरुष आत जात नाहीत. तो फाटकाच्या चौकटीला धरून उभा राहिला.

नवरी ओसरीवर उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत जरीच्या पडद्याखाली. गाणारी बाई एकेकीचं नाव घेत होती, आणि प्रत्येक नावाला नवरी खाली वाकत होती. सावकाश, बेतानं. सासूला. आजेसासूला. शेजारणींना. बायका पैसे ओवाळत होत्या, हसत होत्या. वाकली आहे म्हणून ठेंगणी दिसते, असं महकम स्वतःला म्हणाला. ती सरळ झाली. खांबाला लागूनच उभी होती. लोबरच्या कपाळाशी येणारा नक्षीचा पट्टा एकशे पंचावन्नवर होता, त्यानं स्वतः मोजलेला, गोल नसलेला आकडा.

पडद्याचा माथा पट्ट्याच्या खाली होता. तीन बोटं.

अनवाणी असेल. पडदा जड असतो, मान खाली जाते. पुढचं नाव आलं, ती वाकली, सरळ झाली. तीन बोटं.

शराफत आपांनी त्याला पाहिलं आणि लगबगीनं फाटकाशी आल्या. चेहरा आनंदानं फुललेला. "व्याही! आज? आणि बाहेर का उभे? तोंड दुपारी उघडणार आहोत, त्याआधी नाही." मग अदबीनं, छातीवर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

पडद्याखालचं डोकं त्याच्याकडं वळलं होतं. सत्तर बायका वळल्या होत्या. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, आणि त्याच्याही आत ते बारावं दार. बंद.

एवढंच म्हणायचं होतं, पडदा वर करा.

"ठीक आहे," महकम म्हणाला.

ती वही आता माझ्याकडं आहे. त्यानंच आणून दिली. दुकान बंद केलं त्या दिवशी. मुलगी सुखात आहे, असं सगळे म्हणतात, आणि तोही म्हणतो. फक्त तिच्या घरी जात नाही. वहीत ते साठ अजून तसंच आहे, शेजारी हसरं तोंड, आणि भोवती काहीही नाही. लाल पेन्सिल मी दोनदा हातात घेतली. पण माप माझं नाही, आणि दुसऱ्याच्या वहीत गोल काढायचा अधिकार मला नाही.

तुमच्या वहीत मात्र आहे. कुणाचा मान ठेवायला, कुणी बघत होतं म्हणून, न मोजता लिहिलेला एखादा आकडा तुमच्याकडंही असेल. आज घरी गेलात की तो शोधा आणि त्याभोवती गोल काढा. एवढी माझी विनंती. हिशेब खरा ठेवा.